आज घडणाऱ्या तलवारींचं प्रदर्शन बेळगावात व्हायलाच पाहिजे, कोण कोण येतासा सोबत?

सीमेवरचा_वाचक
मंडळी, थेट मुद्द्यावर येतो. आपल्याकडच्या एका संग्रहालयात आत्ता हयात असलेल्या कारागिरांनी हातानं घडवलेल्या तलवारींचं प्रदर्शन भरवावं असा प्रस्ताव आम्ही काही जणांनी दिलाय. जुन्या तलवारी नव्हेत, आजच्या. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि घाटापलीकडं चंदगड-गडहिंग्लज ह्या पट्ट्यात जे कोण अजून भट्टीवर पातं घडवतात त्यांच्या. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, दालन द्यायचीही तयारी आहे, पण त्यांच्या समितीचं म्हणणं असं की लोक जुनी शस्त्रं बघायला येतात, नवी तलवार बघायला कोण येणार, ती तर बाजारात मिळते. लोकांना हे पाहिजे आहे हे दाखवा म्हणतायत. म्हणून हा धागा.

२०२४ च्या जुलैमध्ये साताऱ्याला वाघनखं आली तेव्हा आपल्या इथनं गाड्या करून लोक गेले. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ ला, रघुजीराजे भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावातनं सोडवून मुंबईला आणली, तेव्हा सगळ्यांच्या स्टेटसला तीच. मलाही आनंद झालाच. त्या तलवारीच्या पात्यावर मालकाचं नाव देवनागरीत सोन्यानं लिहिलंय. पण ज्यानं तिच्यावर मूठ चढवली, ज्यानं ते सोनं ठोकून बसवलं, त्याचं नाव आज कुणाला सांगता येत नाही. कुठल्याही संग्रहालयात जावा, तलवारीखाली शतक असतं, राजाचं नाव असतं, घडवणाऱ्याचं नसतं. त्या वेळी कुणी लिहूनच ठेवलं नाही, आता आपण काही करू शकत नाही. पण आज जो घडवतोय त्याचं नाव तर आपल्या हातात आहे की. आज नाही लिहिलं तर शंभर वर्षांनी ह्याही तलवारी तशाच बिननावाच्या पडून राहणार.

हवंय काय तर, संग्रहालयाच्या नावानं सहीचं पत्र (मेल नको, कागद), ओळखीचे कारागीर, आणि दालनात उभं राहून लोकांना समजावून सांगायला माणसं. पैशाचं नंतर बघू. बोला.

खडेबाजार_कट्टा
पत्र देतोच. आमच्या गल्लीतल्या तालमीचंही घेतो, लेटरहेडवर. एवढंच का, अख्खी तालीम घेऊन येतो.

वडगावची_लेक
मी विरोधात आहे, आणि कारण सांगते. तलवार म्हटलं की आपल्याकडं आता काय डोळ्यासमोर येतं? वाढदिवसाला रस्त्यावर टेबल लावून तलवारीनं केक कापायचा, त्याचा व्हिडिओ टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी पोलीस दारात. माझ्या चुलतभावाच्या मित्राचं असंच झालं, पोराची डिप्लोमाची परीक्षा तोंडावर होती. संग्रहालयानं तलवारींना आणखी मान द्यायचा आणि आम्ही आयांनी पोरांना आवरत बसायचं. लोहारांचा एवढा कळवळा आहे तर विळे, कोयते, खुरपी, कुदळी यांचं प्रदर्शन भरवा, त्यांच्या पोटाला ते जास्त उपयोगाचं आहे.

सीमेवरचा_वाचक
@वडगावची_लेक ताई, तुमचा मुद्दा अगदी रास्त आहे, आणि तो समितीतही कुणीतरी काढणारच, त्यामुळं इथं आला ते बरंच झालं. पण केक कापतात त्या तलवारी कुठल्या असतात? बाहेरनं पेटीनं येणाऱ्या स्टेनलेसच्या चकचकीत पट्ट्या. त्याला ना तोल ना घडण. पोरांना ती पट्टी आणि खरी तलवार यातला फरक कुणी दाखवलाच नाही. एकदा हातात न घेता नुसती काचेतनं जरी बघितली, शेजारी ती कशी झाली ते बघितलं, तर तिच्याकडं बघायची नजर बदलती असं मला मनापासून वाटतं. विळ्या-कोयत्यांचं मात्र तुम्ही लाखातलं बोललात. ते प्रस्तावात नव्हतं. घालतो.

भट्टीवाला
मी खानापूर बाजूचा. भट्टी वडिलांची, आता मी बघतो. रोजचं काम कोयते, कुऱ्हाडी, पहारी. तलवार वर्षातनं मोजकीच, कुणी देवाला वाहायला मागतं, कुणी मर्दानी खेळाच्या पथकासाठी. असल्या धाग्यावर सहसा लिहीत नाही पण वर बाजारात मिळते असं वाचलं म्हणून लिहितो.

बाजारातली स्टेनलेसची पट्टी म्हणजे सपाट पत्रा तलवारीच्या आकारात कापलेला. मुठीपाशी जेवढी जाड तेवढीच टोकाला जाड. मागं एक बारीक सळई वेल्डिंग मारून मुठीत घातलेली. जोरात फिरवली तर तिथनंच मोडून पातं उडतं, कुणाच्या अंगावर जाईल सांगता येत नाही. घडलेलं पातं मुठीकडनं टोकाकडं पातळ होत जातं. ते कानशीनं नाही, हातोड्यानं करायचं असतं, म्हणजे माल वाया जात नाही आणि हातात घेतलं की वजन मनगटाशी राहतं, टोक हलकं लागतं. जुन्या चांगल्या तलवारी किलोच्या आसपास असतात. भिंतीवरच्या शोभेच्या दीडदोन किलोच्या. ज्याला माहीत नाही त्याला जड तीच भारी वाटते.

आम्ही ट्रकच्या कमानपाट्याचं पोलाद वापरतो. लोकांना भंगार वाटतं पण ते स्प्रिंगचं पोलाद, वाकून परत सरळ व्हायचा गुण त्यात मुळातच असतो, तलवारीला दुसरं काय पाहिजे. तापवायचं, ठोकायचं, एका अंगानं धार काढायला पातळ केलं की पातं आपोआप उलट्या अंगाला केळीसारखं वळतं, हा बाक कुठं किती येणार ते आधी ओळखून ठोकायला लागतं. मग पन्हळ, म्हणजे पात्याच्या अंगावर लांबीनं काढलेली खोबण. पन्हळ रक्त वाहून जायला असती असं शाळेतल्या सरांनीही सांगितलेलं, तसं काही नसतं. वजन कमी करायचं आणि ताठपणा ठेवायचा एवढंच तिचं काम.

खरी परीक्षा पाणी द्यायची, म्हणजे तापलेलं पातं एकदम बुडवून कडक करायची. आम्ही ते दिवेलागणीला करतो, उजेडात पोलादाचा रंग कळत नाही. पातं भट्टीत पुढंमागं ओढत राहायचं, टोक पातळ असतं ते आधी तापतं, ते जळू द्यायचं नाही. लोहचुंबक लावून बघायचं, चिकटायचं बंद झालं की अजून थोडा रंग चढू द्यायचा आणि सरळ उभं तेलात. आडवं घातलं की वाकडं झालंच म्हणून समजा. त्या वेळी भट्टीत कुणी बोलत नाही, कारण कान तिकडंच असतो. बारीक टिंग असा आवाज आला की तडा गेला, आठवड्याचं काम गेलं. नाही आला तर कानस फिरवून बघायची, घसरली पाहिजे, चावली नाही पाहिजे. मग परत हलकं तापवून कडकपणा उतरवायचा, नाहीतर काचेसारखं फुटतं.

हे सगळं दाखवणार असाल तर मी येतो आणि पातं देतो. नुसत्या काचेत ठेवून खाली हस्तकला असं लिहिणार असाल तर नको.

खडेबाजार_कट्टा
@भट्टीवाला दादा, पन्हळीचं आजच कळलं. चाळीस वर्षं मी छातीठोक दुसरंच सांगत आलोय.

निपाणीचा_मास्तर
भट्टीवाल्यांची पोस्ट मी उतरवून घेतली, समितीला दाखवायला हीच पुरेशी आहे.

नवी तलवार बघायला कोण येणार या प्रश्नाचं उत्तर जपाननं कधीच दिलंय. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथं तलवारी घडवण्यावर बंदी आली, हत्यारं जप्त झाली, विद्या मरायला टेकली. १९४८ साली तलवारी जपण्यासाठी एक संस्था निघाली. तिनं जुन्या तलवारी सांभाळल्या आणि जोडीनं हयात कारागिरांच्या नव्या तलवारींच्या स्पर्धा आणि प्रदर्शनं सुरू केली. लागणारं खास पोलाद मिळेना, तर १९७७ मध्ये शिमाने भागात जुन्या पद्धतीची मातीची भट्टी परत पेटवली, वाळूतलं लोखंड आणि लोणारी कोळसा घालून तीन दिवस तीन रात्री चालते ती. तिथं परवान्याशिवाय तलवार घडवता येत नाही, परवान्याआधी गुरूकडं किमान पाच वर्षं उमेदवारी, आणि लांब पात्याच्या तलवारी महिन्याला दोनच्या वर करायच्या नाहीत. काही तलवारकारांना सरकारनं राष्ट्राचा जिवंत ठेवा म्हणून मान दिला. तिथला तलवारकार आपलं नाव पात्याच्या मुठीत जाणाऱ्या भागावर छिन्नीनं कोरतो, ही पद्धत शेकडो वर्षांची. त्यामुळं सातशे वर्षांपूर्वीची तलवार कुणी घडवली हेही तिथं सांगता येतं. मूळ पोस्टमधलं दुखणं नेमकं इथं आहे.

जर्मनीत झोलिंगन नावाचं गाव आहे, पात्यांसाठी जगात नाव असलेलं. तिथं पात्यांचंच संग्रहालय आहे. त्यांनी २०१५ मध्ये मध्ययुगीन तलवारीचं मोठं प्रदर्शन भरवलं, आणि त्यात पीटर जॉन्सन या आजच्या स्वीडिश तलवारकाराचं काम जुन्या तलवारींच्या जोडीनं मांडलं. कुणी म्हणालं नाही की नवी कशाला. आणि आपल्याला झोलिंगन परकं नाही. मराठ्यांच्या ज्या सरळ पात्याच्या तलवारींना आपण फिरंग म्हणतो त्यांची कित्येक पाती युरोपातनं आलेली, मूठ इथली. तिकडचा लोहार आणि इकडचा लोहार एकाच तलवारीत भेटलेत.

घाटावरचा_चंदगडी
मास्तर, फिरंगचा विषय निघालाच आहे तर भवानी तलवार पोर्तुगीजांकडनं घेतलेली का, आणि लंडनला आहे ती भवानी का जगदंबा, एकदा सांगून टाका.

कागदपत्र
हे सुरू झालं की धागा चारशे पोस्टींवर जातो.

निपाणीचा_मास्तर
@घाटावरचा_चंदगडी लंडनला राजघराण्याच्या संग्रहात आहे ती १८७५-७६ च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सला कोल्हापूरच्या महाराजांकडनं दिली गेलेली, जगदंबा म्हणून ओळखतात ती. बाकी वादाला वेगळा धागा काढा, मी येतो तिथं. इथं जिवंत माणसांचं काम करूया.

उद्यमबाग_दुसरी_शिफ्ट
वाचून राहवलं नाही. आमचं हीट ट्रीटमेंटचं युनिट आहे उद्यमबागेत, गियर, शाफ्ट, पिन असला माल करतो. भट्टीवाले दादा, तुमची पाती आमच्या फर्नेसला आणा की, टेंपरेचर बरोबर सेट करता येतं, रंग बघत बसायला नको, टिंगचं टेन्शन नको. हार्डनेस टेस्टर पण आहे, टोक, मध्य, मुठीकडं तिन्ही ठिकाणी मोजून देतो. एक रुपया घेणार नाही, प्रदर्शनाचं काम म्हणून.

जुनं_ते_सोनं
मग ती हातानं घडवलेली कशी राहील? फर्नेस आली, उद्या पॉवर हॅमर येईल, परवा लेझर कटिंग. मूळ पोस्टमध्ये हातानं घडवलेली असं स्पष्ट लिहिलंय. रेषा कुठंतरी मारायलाच पाहिजे. माझ्या मते कोळशाची भट्टी, ऐरण, घण, कानस. बाकी सगळं बाद.

उद्यमबाग_दुसरी_शिफ्ट
मालक, आजोबांच्या वेळी भाता हातानं ओढायचे, आता सगळ्यांकडं इलेक्ट्रिक ब्लोअर आहे, मग तेही बाद का? टेंपरेचर मशीननं धरलं म्हणून पातं मशीननं घडवलं होत नाही. आकार कुणी दिला ते बघा.

जुनं_ते_सोनं
ब्लोअर नुसता वारा देतो, निर्णय माणूसच घेतो. फर्नेसमध्ये निर्णय मशीन घेतं. पाणी द्यायचा क्षण ओळखणं हीच तर विद्या आहे, ती काढून घेतली तर उरलं काय?

भट्टीवाला
दोघांचंही बरोबर आहे असं म्हणून सोडत नाही, माझं मत सांगतो. उघड्या भट्टीत हातभराच्या वर लांब पातं सगळीकडं सारखं तापवायला जन्म जातो, माझ्या वडिलांना जमायचं, मला दहातनं सगळी जमतात असं नाही. फर्नेसमध्ये केलं तर तलवार चांगली होणार हे मला माहीत आहे. तलवार चांगली व्हावी असं ज्याला वाटत नाही तो कसला लोहार. पण डोळ्यानं रंग ओळखणारा माणूस उद्या राहणार नाही हेही खरं, आणि प्रदर्शन त्यासाठी पण पाहिजे.

घणाचं म्हणाल तर घण मारायला आता माणूस मिळत नाही. आधी आई मारायची. आमच्याकडं येणाऱ्या घिसाड्यांच्या बायका अजून मारतात, बाजाराच्या दिवशी रस्त्याकडंला बघा, नवरा सांडशीत धरून बसतो आणि बाई उभी राहून घण घालती. त्या बाईचं नाव कुठल्या तलवारीवर येणार? पॉवर हॅमर घ्यायची माझी ऐपत नाही, असता तर वापरला असता.

माझं म्हणणं रेषा मारू नका. प्रत्येक तलवारीखाली लिहा, हे हातानं, हे मशीननं, घण कुणी मारला, मूठ कुणी बसवली, म्यान कुणी केली. बघणारा ठरवेल.

सीमेवरचा_वाचक
@भट्टीवाला हे शब्दशः प्रस्तावात घालतोय. पाटीवर घण मारणाऱ्याचंही नाव.

वडगावची_लेक
घण मारणाऱ्या बाईचं वाचलं. लहानपणी शनिवारच्या बाजाराला आम्ही तिथंच उभ्या राहून बघायचो, पाठीला बाळ बांधलेलं आणि घण चाललेला. विरोध अजून मागं घेत नाही, पण प्रश्न बदलते. पोरांना तलवारीसोबत फोटो काढू देणार का? तसलं काही असेल तर मी पत्र देणार नाही. नसेल तर आमच्या महिला मंडळात विषय काढते.

सीमेवरचा_वाचक
नाही देणार. काचेबाहेर तलवार येणारच नाही. हातात घ्यायला ठेवायचं ते बिनधारेचं अर्धवट घडलेलं पातं, आणि कमानपाटा, आणि हातोडा.

कायदेशीर_बोला
वकिली करतो म्हणून दोन शब्द. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची, घरगुती-शेती-उद्योगाच्या कामाची नसलेली धारदार हत्यारं शस्त्र नियमांत येतात. विळा-कोयता शेतीचा म्हणून सुटतो, तलवार नाही. कुठल्या भागात बाळगायला परवाना लागतो, कुठं नाही, विकायला काय लागतं, यावर चहाच्या गाड्यावर वाद घालून उपयोग नाही. संग्रहालयाच्या लेटरहेडवर आधी पोलीस आयुक्तालयाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी अर्ज, प्रत्येक तलवारीचा फोटो, लांबी, कारागिराचं नाव, कुठून कुठं कशी येणार, परत कधी जाणार. चंदगड-गडहिंग्लजहून येणारी तलवार राज्याची हद्द ओलांडणार, त्यामुळं तिकडच्या पोलिसांनाही कळवायचं. कुणीही मोटरसायकलवर गोणपाटात गुंडाळून आणायची नाही, कोगनोळीच्या नाक्यावर अडकलात तर मला रात्री फोन करू नका. धार लावू नका, बघायला धारेची गरज नसते. आणि दालनात विक्री अजिबात नको, ऑर्डर घेणंही नको. अर्ज मी फुकट लिहून देतो.

मलप्रभा_काठ
नमस्कार, माझी मराठी तुमच्याएवढी चांगली नाही, घरात कन्नड, शिक्षण बेळगावात. बैलहोंगल साइडचा. मी हा धागा दोनदा वाचलो. एक विनंती आहे. आमच्याकडं पण कम्मार, म्हणजे लोहार लोक आहेत, आमच्या गावचे अज्जा आता थकले पण मुलगा करतो. १८२४ मध्ये ऑक्टोबरच्या २३ तारखेला कित्तूरला राणी चन्नम्मांच्या सैन्यानं कलेक्टर थॅकरेला पाडलं, त्या सैन्याच्या कत्ती, म्हणजे तलवारी, कुणी केल्या? संगोळ्ळी रायण्णाला तर तुमच्या खानापूर तालुक्यातच, नंदगडला, १८३१ ला फाशी दिली. रायण्णाच्या पुतळ्याच्या हातात तलवार असती, राणीच्या पण. लोहाराचा पुतळा नाही. तुम्ही नाव लिहिणार म्हणतासा, मग आमच्या पण लोकांना घ्या.

सीमेवरचा_वाचक
सर, तुम्ही नुसतं सांगायचं नाही, कारागीर निवडायच्या कामात सोबत यायचं. तुमचा तो लोहाराचा पुतळा नाही हा मुद्दा कुणी इतका नेमका मांडला नव्हता.

गल्लीतला_वाघ
हे बघा, मराठी माणसाचं प्रदर्शन आहे, त्यात हे कशाला? आणि पाट्या कुठल्या भाषेत लावणार ते आधी सांगा. मराठी नसेल तर मी येणार नाही, आमचं कुणीच येणार नाही.

मलप्रभा_काठ
पाटी दोन्ही भाषेत लावा की. मी कन्नडमध्ये लिहून देतो, अज्जांना विचारून बरोबर शब्द घालतो.

कागदपत्र
@गल्लीतला_वाघ मराठी असणार, कन्नड असणार, इंग्लिश असणार, तिन्ही सारख्या आकारात, हे ठरलंय. ऐरणीला भाषा विचारत बसलो तर दालन हातचं जाईल. या धाग्यावर सीमाप्रश्न काढायचा नाही, त्याला जागा आहेत.

गल्लीतला_वाघ
मराठी असणार असेल तर हरकत नाही. पत्र कुठं द्यायचं?

साणेची_नात
इथं सगळे लोहारांचं बोलतायत, शिकलगारांचं कुणीच काढलं नाही म्हणून लिहिते. पातं भट्टीतनं बाहेर येतं तेव्हा काळं खरबरीत असतं, ते आरशासारखं कोण करतं? माझे आजोबा साणेवर बसायचे. कुरुंदाचा दगड, मग बारीक, मग त्याहून बारीक, आणि हात एका लयीत. धार लावणं वेगळं आणि झळाळी आणणं वेगळं, आजोबा म्हणायचे घाईत घासलं की पात्यावर लाटा उठतात, उजेडात तिरकी धरली की दिसतात. शहरात आता सायकलवर साण बांधून कात्र्या-सुऱ्यांना धार लावत फिरणारे दिसतात, त्यातले कित्येक याच घरांतले. तलवारीचं काम गेलं, साण राहिली.

मूठ बसवायचंही आजोबा करायचे. आपल्या तलवारीची मूठ खिळ्यानं नसते बसवलेली, बहुतेकींची आतनं पोकळ असते. तीत लाखेची पूड भरायची, पात्याचं शेपूट तापवायचं आणि हळूच आत दाबायचं, लाख वितळून घट्ट धरते. दाबताना पातं आणि मूठ एका रेषेत आहे का ते एक डोळा मिटून बघायचे, कारण लाख थंड झाली की संपलं, परत सगळं तापवायला लागतं. त्या जळक्या लाखेचा वास मला अजून ओळखता येतो. आजोबांचं एक हत्यार अजून माळ्यावर आहे, साणेचा जुना दगडही. प्रदर्शनाला देते. फक्त खाली शिकलगार असं लिहा.

भट्टीवाला
ताई, आमची पाती तुमच्याच लोकांकडं जायची. आता आम्ही ग्राइंडरला बफ लावून करतो, झळाळी येती पण तुम्ही म्हणतासा त्या लाटा जात नाहीत. घरात अजून कुणाला येतं का हे काम? एक तरी पातं तसं करून घ्यायची इच्छा आहे.

साणेची_नात
काकांना येतं. गुडघे दुखतात, खाली बसवत नाही. उंच पाटावर साण मांडली तर करतील. विचारते.

उद्यमबाग_दुसरी_शिफ्ट
स्टँड मी बनवून देतो, काकांच्या कमरेच्या उंचीचा. माप पाठवा.

काचेआडचा_माणूस
संग्रहात काम केलंय, त्यामुळं काळजीचं सांगतो. बेळगावचा पावसाळा आणि साधं पोलाद यांचं जमत नाही. जून ते सप्टेंबर अजिबात भरवू नका. नुसत्या बोटाचा ठसा राहिला तरी दुसऱ्या दिवशी तिथं तांबूस डाग उठतो, सुती हातमोजे लागतील. खोबरेल लावायची आपल्याकडं सवय आहे, ते नका लावू, काही दिवसांनी चिकट होतं आणि धूळ धरतं. शिलाई मशीनचं पातळ तेल, तेही लावून पुसून घेतलेलं. काचेच्या पेटीत सिलिका जेलच्या पिशव्या आणि ओलावा दाखवणारं यंत्र. चामड्याच्या म्यानेत घालून ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि पातं आतनं खातं. म्यान शेजारी वेगळी मांडा.

मांडणीबद्दल एक. सगळ्या तलवारी भिंतीवर पंख्यासारख्या लावायची जी पद्धत आहे ती करू नका, त्यात एकही नीट दिसत नाही. एका पेटीत एकच, आडवी, डोळ्याच्या उंचीला, उजेड बाजूनं. पाठ वरच्या अंगाला, म्हणजे जाडी कशी उतरत जाते ते दिसेल. आणि दांडपट्टा असेल तर त्याची मूठ एका बाजूनं उघडी दाखवा, आतली आडवी पकड कुणाला माहीतच नसते, लोकांना वाटतं हात नुसता घातलेला असतो.

घाटावरचा_चंदगडी
मग दसऱ्याच्या आधी सुरू करूया, पाऊस उतरणीला असतो. खंडेनवमीला लोक घरची शस्त्रं आणि अवजारं पुजतात, त्याच दिवशी उद्घाटन. आमच्याकडं त्या दिवशी लोहार भट्टी पेटवत नाही, ऐरणीला हळदकुंकू लावतो. सगळे कारागीर मोकळे असतील.

मलप्रभा_काठ
आणि कित्तूर उत्सव ऑक्टोबरच्या २३ पासनं. तोपर्यंत ठेवलं तर उत्सवाला येणारे लोक बेळगावला पण येतील. काचेआडचे सर म्हणतात तसं ओलावा बघायचं यंत्र मात्र पाहिजेच.

सीमेवरचा_वाचक
खंडेनवमी ते कित्तूर उत्सव संपेपर्यंत, हे मला फारच पटलं. बाईंना हेच सुचवतो.

वडगावची_लेक
मंडळाची बैठक झाली. आम्ही पत्र देतोय, दोन अटींवर. एक, विळे-कोयते-खुरपी दारातच, पहिल्या पेटीत, तलवारीच्या आधी. दोन, घण मारणारी एक तरी बाई उद्घाटनाला व्यासपीठावर, हार घालायला नव्हे, हार घालून घ्यायला. हे होणार असेल तर दालनात समजावून सांगायला आमच्यातल्या बायका येतील, पाळी लावून. मलाही शिकवा काय सांगायचं ते, पन्हळीपासनं.

भट्टीवाला
वहिनी, भट्टीवर या एकदा सगळ्या. संध्याकाळी या, पाणी देताना दाखवतो. पोरांनाही आणा.

खडेबाजार_कट्टा
गोडाला कुंदा आमच्याकडनं.

निपाणीचा_मास्तर
शाळांचं मी बघतो. चित्रकलेच्या शिक्षकांशी बोललोय, मुलांनी तलवार काढायची नाही, तलवार घडवणारा माणूस काढायचा, असा विषय देणार. निपाणीतनं एक पूर्ण बस तरी येईल.

कायदेशीर_बोला
अर्जाचा मसुदा तयार आहे. कारागिरांनी पात्याची लांबी-रुंदी, फोटो आणि आपलं पूर्ण नाव कळवायचं. नाव आधार कार्डावर आहे तसं. पाटीवर गावात ज्या नावानं ओळखतात ते टाका हवं तर.

जुनं_ते_सोनं
फर्नेसबद्दल माझं मत तेच आहे. पण एक पातं पूर्ण भट्टीवर आणि एक फर्नेसमधनं, शेजारी शेजारी मांडा, हार्डनेसचे आकडे दोन्हीखाली. भट्टीवरचं कमी पडलं तरी चालेल, मांडा. पत्र देतो.

उद्यमबाग_दुसरी_शिफ्ट
कबूल. दोन्ही मी मोजतो, तुम्ही समोर उभे राहा.

सीमेवरचा_वाचक
पत्रं रविवारी सकाळी दहापासनं शहापूरच्या आमच्या ओळखीच्या छापखान्यात गोळा करतोय, पत्ता ज्यांना हवा त्यांनी निरोप टाका. पत्रात तीनच गोष्टी लिहा, तुम्ही कोण, हे प्रदर्शन बघायला येणार का, आणि तुमच्या गावात लोहार किंवा शिकलगार कोण आहे त्याचं नाव. तिसरी गोष्ट राहू देऊ नका. बुधवारी समितीची बैठक आहे, सोबत भट्टीवाले दादा, मलप्रभा_काठ सर आणि वडगावच्या ताई येतायत. नंदगड, जांबोटी, हुक्केरी बाजूचं अजून कुणीच बोललेलं नाही, तिकडचे कोण असाल तर लिहा.

जांबोटी_रोड
वाचत होतो गप्प. आमच्या गावात एक जण आहे, वय झालंय पण कट्यार करतो, मुठीचे दोन्ही दांडे स्वतः ओढतो. फोन नाही त्याच्याकडं. शनिवारी जाऊन विचारतो आणि नाव घेऊन रविवारी येतो.